एका चादरीखालची दोन टेबलं

लातूर जिल्हा झालं, त्या वर्षीच्या दुष्काळात गावात स्वागताच्या कमानी भरपूर होत्या, नळाला पाणी तेवढं नव्हतं. तेव्हा मी आत्याला अमेरिकेतल्या आमिश लोकांची कादंबरीमाला मराठी करून वाचून दाखवत असे. वीज आणि मोटार वर्ज्य मानणारे ते कर्मठ शेतकरी तिला फार आवडत.

शेवटच्या भागात नायिकेनं समाजाबाहेर लग्न केलेलं असतं, आणि नियमानं बापाला तिच्यासोबत एका टेबलावर जेवता येत नाही. आत्याच्या लेकीनंही जातीबाहेर लग्न केलं होतं. ती नांदेडला राहायची. तिच्या घरचं पाणी पिणार नाही, अशी आत्याची शपथ होती.

"म्हातारा जेवतो का न्हाई, ते आधी सांग," आत्या म्हणाली.

बाप दोन टेबलं बोटभर अंतर सोडून मांडतो आणि दोन्हींवर मिळून एकच चादर अंथरतो. नियमही राहतो आणि लेक शेजारी बसून जेवते.

"लई बिलंदर हाय की!"

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आत्यानं प्लास्टिकचा कॅन भरला आणि मला घेऊन नांदेडच्या बसमध्ये चढली.

"आत्या, एवढ्या टंचाईत पाणी घेऊन कुठं?"

"तिच्या घरचं पिनार न्हाई म्हनले होते. हे माझं हाय."

लेकीनं दारात आधी आईकडं, मग कॅनकडं पाहिलं. कॅन आत नेऊन त्याच पाण्याचा चहा टाकला. आत्यानं घोट घेतला, साखर कमी पडल्याचं सांगितलं आणि आणखी एक कप मागितला.