तेल्याच्या शेजारची जागा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकी मेलेल्या माणसांत ऊठबस असलेला माणूस अख्ख्या आकुर्डीत दुसरा सापडायचा नाही. जिवंत माणसांशी त्यांचं जेमतेमच जमायचं. सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव त्यांच्या कधी लक्षात राहिलं नाही आणि सख्ख्या जावयाला ते बरीच वर्षं भलत्याच नावाने हाक मारत होते. पण रझाकारीच्या दिवसांत त्यांच्या मराठवाड्यातल्या गावावर हत्यारबंद टोळी आली आणि चावडीपुढे जी माणसं मारली गेली, त्यांतल्या कुणाला भाकरीबरोबर काय लागायचं, कोण झोपेत बडबडायचा आणि कुणाची चप्पल कर्रकर्र वाजायची, हे ते घडाघडा सांगत. गंमत म्हणजे काकांचा जन्म त्यानंतरचा. ही सगळी मंडळी त्यांना आत्याकडून मिळाली होती. त्या दिवशी आत्या लहान पोर होती, कडब्याच्या गंजीमागे राहिली म्हणून वाचली, आणि पुढे आईविना भाच्याला झोपवताना देवाचं नाव घ्यायच्या ऐवजी या माणसांची नावं घेत राहिली. भाचा मोठा झाला, आकुर्डीत आला, फाउंड्रीत लागला, निवृत्त झाला, आणि ती सगळी माणसं त्याच्याबरोबर आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली.

फाउंड्रीत ओतीव भाग तपासताना तो ठोकून बघतात. आत चीर असली की आवाज बद्द येतो. काकांनी निवृत्तीनंतर ही तपासणी सगळ्या जगाला लावली. माठ, दरवाजे, कलिंगडं, भिंती, काही म्हणून त्यांच्या बोटांतून सुटलं नाही. आमचा नवा फ्रिज बघायला आले तेव्हा त्यांनी त्याला वाकलेल्या बोटाने एकदा ठोकलं, कान लावला, मान हलवली आणि चहासुद्धा न घेता निघून गेले. पुढच्याच महिन्यात फ्रिज बंद पडला. तेव्हापासून काकांनी कौतुकाने कुणाच्या पाठीवर थाप मारली, की आमच्या इमारतीतली धडधाकट माणसं श्वास रोखून त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची. पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ तर थाप पडल्यावर दुसऱ्याच दिवशी रक्त तपासून आले.

त्यांचा दुसरा हट्टही फाउंड्रीतलाच. भट्टीवरचा माणूस शिफ्ट संपली म्हणून उठून जात नाही. त्याच्या जागी येणारा रिलिव्हर समोर उभा राहून "मी आलोय, तुम्ही निघा" असं म्हणेपर्यंत त्याला जागा सोडता येत नाही. काका हे घरीदारी पाळायचे. आमच्या गेटवरच्या दिवसपाळीच्या वॉचमनला त्यांनी कितीदा तरी हाताला धरून बसवून ठेवलं असेल. आणि चावडीपुढे मेलेल्या माणसांबद्दल त्यांचं साधं, सरळ मत होतं, की ती अजून ड्युटीवर आहेत. तेली घाण्याला बैल जुंपता जुंपता गेला, कुंभार चाकावरून उठून गेला, त्यांना बदली कुणी मिळालीच नाही. हे ते इतक्या सहज सांगत, की ऐकणाऱ्याला हसावं की दिवा लावावा ते कळत नसे.

यातूनच त्यांचं ते नाटक निघालं. इकडे कामाधंद्याला आलेल्या मराठवाड्याच्या लोकांचं एक मंडळ आहे. ते दर सप्टेंबरात महापालिकेचा हॉल घेऊन त्या दिवसांची आठवण करतं. जमिनीवर रांगोळीने गाव काढतात, मग नाटक, मग परिसंवाद. नाटकाला गोष्ट नाही की संवाद नाहीत. ज्याच्या वाट्याला जो मेलेला आला असेल, त्याने रंगमंचावर त्याच्या जागी उभं राहायचं, त्याचं नाव घ्यायचं, तो काय करत होता ते सांगायचं, "मी आलोय, तुम्ही निघा घरी" म्हणायचं आणि शांतपणे आडवं व्हायचं. बस्स एवढंच. पण भरल्या हॉलमध्ये एकेक माणूस मोकळ्या हवेकडे बघून असं बोलायला लागला, की खुर्च्यांतली पोरंसोरंही गप्प होत. एकदा कुंभार झालेल्या रिक्षावाल्याने ते वाक्य म्हटलं आणि कुणाला तरी जायला वाट द्यावी तसा तो बाजूला सरकला. का सरकलास म्हणून विचारलं, तर त्याला आपण सरकल्याचं आठवतही नव्हतं.

या नाटकासाठी काका वर्षभर माणसं हेरत. रावेतच्या बसमध्ये, भाजीवाल्यापाशी, लग्नाच्या पंगतीत ते परक्या माणसाकडे टक लावून बघत आणि बायका पदर सावरून नवऱ्याला पुढे घालत. मी मूळचा साताऱ्याकडचा, विमा कचेरीतला कारकून, माझा त्या गावाशी काडीचा संबंध नाही. तरी एकदा जिन्यात त्यांनी माझी मान डावीउजवीकडून नीट पाहिली आणि विचारलं, "सप्टेंबरात गावाला जाणार हाव का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग तेली व्हा. आत्या सांगायची तशीच मान हाय." तेव्हापासून मी दरवर्षी नेमाने मरत आलो. आमच्या घरात त्याचं इतकं अंगवळणी पडलं, की बायको आदल्या दिवशी विचारी, मरायला पांढरा सदरा काढू की निळा.

माझ्या मरणात एक मोठी खोट होती. मी मेल्यावर शिंकायचो. तेली आणि कुंभार यांच्यामध्ये काकांनी एक जागा मोकळी ठेवली होती. रांगोळीतही त्या दोन घरांच्या मधोमध तेवढीच जमीन कोरी राहायची. बायकांनी तिथे तुळस काढायचं म्हटलं तर काका ओरडत. मी आडवा झालो की त्या बाजूने काहीतरी हलकं, मऊ असं नाकाशी यायचं आणि शिंक काही केल्या आवरायची नाही. मेलेला तेली शिंकला की हॉल खदखदून हसायचा. मी हॉलची सतरंजी झटकून घेतली, नाकात औषध घातलं, शेवटी मला दुसऱ्या टोकाला मरू द्या म्हणून विनवलं. सुरुवातीला काका माझ्यावर भयंकर चिडायचे. मग एका वर्षी पडदा पडल्यावर ते माझ्याजवळ बसले, माझ्या खांद्यावरून कापसाचा एक धागा उचलला, आणि शिंक कुठल्या बाजूने आली ते विचारलं. मी मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. त्यांनी तो धागा जपून खिशात ठेवला.

ती जागा हुसेन पिंजाऱ्याची होती. आत्या नावं घेताना तेल्यानंतर थांबायची, श्वास घ्यायची आणि मग कुंभारावर जायची. लहानपणी काकांना वाटे, ती दमते. तिने शेवटच्या आजारात सांगितलं. पिंजाऱ्याला टोळीने मारलं नव्हतं. टोळी गेली, पुढे भारताची फौज आली, गाव मोकळं झालं, आणि त्यानंतर गावातल्याच माणसांनी, ज्यांच्या घरातलं सुतक अजून फिटलं नव्हतं अशा माणसांनी, पिंजाऱ्याला त्याच्या कापसाच्या ढिगावर मारलं. काकांना त्याचं नाव बाकीच्यांबरोबर घ्यायचं होतं. मंडळाकडे ते दरवर्षी मागत होते आणि मंडळ दरवर्षी पुढच्या वर्षी बघू म्हणत होतं. माझ्या शिंकेची चौकशी केली त्याच्या दुसऱ्या वर्षी काकांनी स्वतःच्या छातीवर ठोकून पाहिलं होतं. आवाज बरा नाही, असं ते मला जिन्यात म्हणाले. पुढच्या वर्षावर टाकण्यासारखं त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

म्हणून त्यांनी परिसंवाद नाटकाच्या आधी ठेवायला लावला आणि हा एकच प्रश्न चर्चेला घेतला. हॉल तुडुंब भरला. लोक चांगलं बोलले, वाईटही बोलले, एका कॉलेजच्या मुलीने तर सगळ्यांना रडवलं. मंडळाचे अध्यक्ष काकांच्याच तालुक्यातले, चाकणला त्यांचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. माणूस आडदांड पण मनाचा मऊ. ते म्हणाले, माझ्या आजीचा घरधनी त्या टोळीने दारातून ओढून नेला, ती मरेपर्यंत दाराकडे तोंड करून बसली, तिला मी काय सांगू? मग स्वतःच जरा नरमले आणि म्हणाले, "त्यानं आपल्या एखाद्या माणसाला लपवलं असंल, वाचवलं असंल, तर सांगा काका. मग घेऊ नाव."

काका उठले. त्या क्षणी थोडं खोटं बोलले असते तर काम झालं असतं, आणि मला मनापासून वाटत होतं की त्यांनी बोलावं.

"न्हाई," ते म्हणाले. "कुणाला वाचवलं न्हाई त्यानं. कापूस पिंजायचा. लोकांच्या गाद्या भरायचा. तेवढ्यावर न्हाई का घेता येत नाव?"

अध्यक्ष म्हणाले, नाव घ्या हवं तर, पण त्याच्या जागी उभं कोण राहणार? त्यांनी हॉलकडे पाहिलं. हॉलने एकमेकांकडे पाहिलं. माझ्याकडे तेली होता आणि तेल्याला सोडून मला हलता येत नव्हतं. कुणीच उठलं नाही.

नाटक सुरू झालं. एकेक जण आडवा झाला, मीही झालो, आणि नाकाशी ते मऊ काहीतरी आलं. सगळ्यात शेवटी काका येत. चावडीवर निरोप द्यायला गेलेल्या आपल्या आज्याच्या जागी ते उभे राहत. ते आले, आज्याची जागा ओलांडून पुढे गेले, आणि माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेत येऊन थांबले. खालून अध्यक्षांनी हाक दिली, की काका, जागा चुकली, तुमच्या आज्याचं काय?

"आज्या घरचा हाय," काका म्हणाले. "त्याला थोडं थांबा म्हणलंय."

मग ते मोकळ्या हवेकडे वळून म्हणाले, "हुसेन पिंजारी. कापूस पिंजीत होते. हुसेनभाई, मी आलोय. तुम्ही निघा घरी."

बाहेर रस्त्यावर पिंजणीची तार वाजली. गादीवाले अजून आमच्याकडे फिरतात, तेव्हा तो गादीवालाच असणार असं मी आजही धरून चालतो. मला शिंक आली नाही. त्यानंतरही कधी आली नाही. पण हॉलमध्ये चुळबूळ सुरू झाली, कारण वर्षानुवर्षं नाटक बघून त्या लोकांना काकांचा नियम पाठ झाला होता आणि आज्याला रिलिव्हर नव्हता. रंगमंचाच्या टोकाला ती जागा तशीच मोकळी होती. तिच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी अध्यक्षच कुरकुरत पायऱ्या चढून वर आले. भट्टी अशी उघडी टाकून जातंय का कुणी, असं पुटपुटत ते आज्याच्या जागी उभे राहिले, नाव घेतलं आणि आपल्या मोठ्या पोटासकट आडवे झाले. पिंजाऱ्याच्या बाजूला त्यांनी पाहिलं नाही, पण उठूनही गेले नाहीत.

काका पुढच्या उन्हाळ्यात गेले. शेवटी शेवटी त्यांना आम्ही कुणी ओळखू येत नव्हतो. मी उशाशी बसलो की मात्र ते मान वळवून विचारायचे, "तेली, घाणा बंद केलास का रे?" मी बंद केला म्हणायचो, आणि त्यांना बरं वाटायचं. माणूस फार लांबच्या ड्युटीवर होता, त्याची मला आजही आठवण येते.

त्यानंतरच्या सप्टेंबरात मी तेल्याची जागा सोडली आणि एक पाऊल डावीकडे सरकलो. हुसेनभाईंचं नाव घेतलं, ते काय करत होते ते सांगितलं. पुढचं वाक्य मात्र मला हुसेनभाईंना म्हणता येईना. ते तर गेल्या वर्षीच घरी गेले होते. त्यांच्या जागी जो उभा राहिला होता, त्याला अजून कुणी सोडवलं नव्हतं. मी म्हटलं, "काका, मी आलोय. तुम्ही निघा घरी."

अध्यक्ष पलीकडे आज्याच्या जागी उभे होते. ते ऐकलं आणि त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मी आडवा झालो. उजव्या हाताला, जिथे मी इतकी वर्षं मरत होतो, तिथून ताज्या करडईच्या तेलाचा वास येत होता.

तेल्याच्या जागी अजून कुणी मिळालेलं नाही. परवा भाजीवाल्यापाशी एक गृहस्थ वांगी निवडत होते. मान अगदी तेल्याची. मी बघत राहिलो, तशी त्यांनी पिशवी जरा जवळ घेतली. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, सप्टेंबरात कुठे जाणार आहात का?