अण्णा कुठं पळून चाललेत?

आमच्या वाचनालयातून नेलेली पुस्तकं परत येत नाहीत. किस्से मात्र न मागता येऊन पडतात, आणि त्यांना कपाटही लागत नाही! माजलगाव धरणाच्या कालव्यावरचं आमचं गाव. चहूकडे ऊस, मधोमध वाचनालय आणि वाचनालयात मी, ग्रंथपाल. गाव मला तोंडावर 'मॅडम' म्हणतं आणि माघारी 'बिनकामाची बाई'. म्हणोत बापडे! इथं दिवसभर पुस्तकांपाशी बसणारीला दुसरं कोण काय म्हणणार?

हे वाचनालय वसंतअण्णांनी काढलं. घरातली पुस्तकं डोक्यावर वाहून आणली आणि मांडली. म्हातारपणी शुगरनं त्यांचे डोळे नेले. तेव्हा एक जाडजूड कादंबरी अर्ध्यावर आली होती. तिच्यातली पोरगी लेकराला काखोटीला मारून घराबाहेर पडली, आणि नेमकी तिथंच अण्णांना अक्षरं दिसेनाशी झाली.

"मॅडम, डोळे गेले त्याचं काई न्हाई," अण्णा म्हणायचे, "पर त्या पोरीचं पुढं काय झालं ते कळाल्याबगर मला जाता यायचं न्हाई."

मग आम्ही चौघांनी वार वाटून घेतले. शाळेतले दत्ता मास्तर, खताच्या दुकानाचे गोविंदशेठ, ऊसवाले पुढारी बबनराव आणि मी. रोज संध्याकाळी अर्धा तास, वाचनालयात, अण्णांना वाचून दाखवायचं. ते तिघं अण्णांच्या डोळ्यांदेखत वाढलेले. बबनराव तर छातीवर हात मारून म्हणाले, "अर्धा तास म्हंजे काय हो मॅडम? असा निघल!"

निघाला नाही. तेच तर सांगायचंय.

*

पहिला वार मास्तरांचा. मास्तर आले ते मोबाईल काढूनच. अण्णांच्या हातात कादंबरी दिली, स्वतः शेजारी बसले आणि मला म्हणाले, "मॅडम, फोटो घ्या. शाळेचा वाचन उपक्रम आहे, आजच टाकायचाय."

मी फोटो घेतला. मास्तरांनी पुस्तक उघडलं, एक परिच्छेद वाचला आणि सवयीनं थांबले. "तर मग, नायिकेनं घर का सोडलं? सांगा बरं!"

अण्णा म्हणाले, "मास्तर, मी परीक्षेला बसलेलो न्हाई. पुढं वाचा."

पण मास्तरांचा जीव फोटोत. फोटो काही जाईना. रेंज नव्हती. पुस्तक मिटलं आणि मास्तर जिन्यानं गच्चीवर गेले. आम्ही दोघं खाली वाट बघत बसलो. अर्ध्या तासानं वरूनच आवाज आला, "अण्णा, वाचन झालं बरं का! फक्त अपलोड बाकी हाय!"

*

गोविंदशेठचं डोकं व्यापाऱ्याचं. त्यांच्या वारी ते हसतच आले. "अण्णा, कावून एवढा ताप घेता? या कादंबरीचा व्हिडिओ हाय. सगळी गोष्ट पाच मिनिटांत!"

आणि लावलाच की! तोही वेग वाढवून. व्हिडिओतली बाई घाईघाईनं गोष्ट सांगत सुटली. लेकरू आजारी पडलं, पोरगी गाडीत बसली, कुठं उतरली... अण्णांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि ओरडायला लागले, "बंद कर बे! बंद कर! शेवट ऐकू नको देऊ मला!"

मी धावत जाऊन मोबाईल हिसकावला. मला त्या वेळी गोविंदशेठच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, खरं सांगते.

गोविंदशेठनी मात्र घरी जाऊन तो व्हिडिओ पूर्ण बघितला. तेव्हापासून वाचायला येणं बंद. रस्त्यात अण्णा दिसले की गाडी थांबवून विचारायचे, "अण्णा, शेवट लई सोपा हाय. सांगून टाकू का?"

"सांगितलास तर तुझ्या दुकानापुढं उपोषणाला बसंन!" अण्णा म्हणायचे, आणि काठी टेकत पुढं निघायचे.

*

बबनरावांनी खरंच वाचायला घेतलं. भाषणाची सवय, त्यामुळं आवाज थेट कालव्यापर्यंत. पोरीच्या रडण्याचं वर्णनही त्यांनी सभेत वाचावं तसं वाचलं. तरी अण्णा खुशीत होते. पान उलटायच्या आत बबनरावांचा फोन वाजला. ऊसतोडीच्या मुकादमाचा.

"दोनच मिनिटं," म्हणून बाहेर गेले. बाहेर टोळी, आगाऊ दिलेली उचल, ट्रॅक्टर, कारखाना, सगळ्यांचा उद्धार झाला. अण्णा मान तिरकी करून बसून होते, जिथं वाचन थांबलं त्याच दिशेला.

बऱ्याच वेळानं बबनराव घाम पुसत आत आले. "हां, कुठं होतो आपण?"

"तू उसाच्या फडात होतास," अण्णा म्हणाले. "मी त्याच ओळीवर हाय."

बबनराव हसले, घड्याळ बघितलं आणि उठले. "आता उद्या बगू. अण्णा कुठं पळून चाललेत?"

पुढं हे वाक्य त्यांच्या तोंडी बसलं. लग्न आहे, अण्णा कुठं पळून चाललेत? निवडणूक आहे, अण्णा कुठं पळून चाललेत? एकदा तर फोन करून एवढंच वाक्य बोलले आणि ठेवून दिला.

*

पानं सरकायची ती फक्त माझ्या वारी. शेवटी वैतागून मी म्हटलं, "अण्णा, खड्ड्यात गेले ते तिघं! मी वाचते रोज. महिन्याभरात पोरगी घरी पोचवते तुमची."

अण्णा हळूच म्हणाले, "न्हाई मॅडम. तुमी वाचायला लागलात की ते तिघं सुटले. एवढं वाचनालय काढलं, पर या पोरांच्या हातात एक पुस्तक टिकलं न्हाई. मला शेवट त्यांच्याच तोंडून ऐकायचाय."

रडूही येतं आणि रागही येतो.

*

त्यात आणखी एक. अण्णा कादंबरी रात्री घरी न्यायचे. त्यांची सून शोभावहिनी मोठी भाविक. रोज एक वाचतो, दुसरा हात जोडल्यासारखा बसून ऐकतो, म्हणजे पोथीच, असं तिनं धरलं. कादंबरी लाल फडक्यात बांधून देवघरात ठेवायला लागली.

एक दिवस अण्णा मोकळ्या हातानंच आले. मी त्यांच्या घरी गेले तर वहिनी दारातच आडवी. "मॅडम, भावकीत बाळंतपण झालंय. सोयर लागलंय. धा दिवस पोथीला हात लावता येत न्हाई."

"अहो वहिनी, ती कादंबरी आहे!"

"मंग? रोज ऐकतेत की."

मागून अण्णा ओरडले, "अगं, मागच्याच पानावर तिचा नवरा दारू पिऊन पडलाय! त्याला कसलं सोयर?"

वहिनी हलली नाही. ते दहा दिवस माझाही वार बुडाला.

*

पोळ्यानंतर एका दुपारी अण्णा जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. कादंबरीतली पोरगी अजून वाटेतच होती.

आमच्याकडं माणूस गेलं की त्याच्या घरी दहा दिवस संध्याकाळी गरुडपुराण लावतात. पहिल्या संध्याकाळी वहिनी आतून आली. हातात लाल फडकं. सोयरात जिला हात लावू दिला नव्हता, ती सुतकात तिनं स्वतः बाहेर आणली.

"अण्णांनी सांगून ठिवलंय," ती म्हणाली. "पुराण न्हाई. ही वाचा. त्या तिघांनीच."

तिघांनी वाचली. एकही संध्याकाळ चुकली नाही. मास्तरांनी ना फोटो काढला ना प्रश्न विचारला. गोविंदशेठला शेवट ठाऊक होता, तरी ते ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचत होते. बबनरावांचा मोबाईल मला दिसलाच नाही.

दहाव्याला शेवटची पानं बबनरावांकडं आली. बैठक माणसांनी भरलेली. समोर अण्णांचा फोटो, फोटोपुढं दिवा. पोरगी गावच्या वेशीपाशी पोचली, लेकरू खांद्यावर झोपलेलं, आणि तेवढ्यात मागं कुणाचा तरी फोन वाजला. भावकीतला कुणी होता. "हॅलो" म्हणत उठायलाच लागला.

बबनरावांनी पुस्तकातून मान वर काढली. डोळे लाल. आवाज थेट कालव्यापर्यंत.

"बंद कर बे तो फोन! अण्णा ऐकायलेत, दिसंना का तुला?"