दोघांपुरते रोडगे

आमच्या ह्यांनी नोकरीभर सरकारी बसगाड्या दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, पोथीपुस्तकं वाचतात. ह्यांनी भंगारात निघालेली एक ट्रॅव्हलर गाडी दारात आणून उभी केली आणि म्हणाले, "आता हे आपलं घर."

"मंग हे मी रोज झाडते ते काय आहे?" मी विचारलं. तोवर ते गाडीखाली शिरले होते.

वर्षभर ठोकाठोकी चालली. आतल्या सीटा निघाल्या, तिथे दिवाण आला, गॅसची शेगडी आली, टपावर पाण्याची टाकी चढली. मागच्या कोपऱ्यात पत्र्याची एवढीशी मोरी झाली, तिच्यात माणूस एक तर उभा राहू शकतो नाहीतर अंघोळ करू शकतो. पडदे मी शिवले, नाहीतर ह्यांनी खिडक्यांना जुन्या लुंग्या लावल्या असत्या. गाडी देखणी झाली होती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

त्याच सुमारास पुण्याला मुलाने घर घेतलं. एक खोली आमच्यासाठी धरली होती. मला जायचं होतं, साफ सांगते. जन्मभर शाळेत दुसऱ्यांची लेकरं शिकवली आणि माझी नात बोलायला लागली ती फोनवर. ह्यांना विचारलं की एकच उत्तर, "पाहू." मुलगा शेवटी म्हणाला, "आई, सोमवारी सुतार येतो आहे. त्या खोलीत पलंग करायला सांगू की माझं कामाचं टेबल?"

आता वर्ध्याच्या आमच्या घरात नवरा-बायकोने धड एक वाक्य पूर्ण बोलून दाखवावं! मी तोंड उघडलं की फाटक वाजतं. कोणाची मोटरसायकल धूर सोडते, कोणाला पत्रिका द्यायची असते, कोणी नुसताच चहाला. ह्यांनाही ते हवंच असतं. म्हणून मी म्हटलं, धरणाजवळच्या त्या उद्यानात जाऊ, गाडीत मुक्काम करू, तिथे कोणी नसतं. शनिवार-रविवार दोघंच.

"मस्त," हे म्हणाले. "रोडगे करू."

इथेच मी सावध व्हायला हवं होतं.

उद्यान खरंच छान होतं. मोहाची, बेहड्याची जुनी झाडं, खाली गार सावली, झाडांमधून धरणाचं पाणी दिसत होतं. गाड्या लावायला चार-पाच जागा आखलेल्या होत्या आणि सगळ्या रिकाम्या. चौकीदाराने बजावलं, "गाना-बजाना नाई, आवाज नाई. चूल त्या ओट्यावरच." मला तो माणूस फार आवडला. शनिवारी ह्यांनी गाडी सपाट उभी करण्यातच संध्याकाळ घालवली. चाकाखाली दगड घाला, काढा, आत जाऊन वाटीत पाणी ठेवून पाहा. दिवाणावर पडल्या पडल्या घोरू लागले. बोलणं रविवारवर गेलं.

रविवारी सकाळी मी चहा केला, मन घट्ट केलं आणि म्हणाले, "हे पाहा, सुताराचं..."

तेवढ्यात फाटकाशी पिकअप गाडीचा हॉर्न वाजला. मागच्या हौद्यात माझ्या सासरचं, आंजी गावचं सगळं खटलं उभं होतं: ह्यांचे थोरले भाऊ म्हणजे माझे भासरे, मोठी जाऊ, त्यांची पोरं-सुना, नातवंडं, पोतंभर गवऱ्या, कणकेचा डबा, टोपलीभर वांगी आणि हौद्याएवढं पातेलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते वाटीतल्या पाण्याकडे पाहत होते.

"मी फक्त गवऱ्या मांगतल्या होत्या," ते हळूच म्हणाले. "दोघाइपुरत्या."

भासरे उतरले ते हसतच. आमच्याकडे रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, झाडाखाली बसून गवऱ्यांच्या विस्तवात भाजायची गोष्ट, आणि ती चार घरं जमवूनच करायची. एवढं आत्ता जन्मलेल्या पोरालाही कळतं. "अबे," ते भावाला म्हणाले, "दोघाइचे रोडगे होते काय कधी? मले वाटलं, तू लाजून बोलावून राह्यला."

मग काय विचारता! ओट्यावर गवऱ्या रचल्या गेल्या, पोरं झाडावर चढली. चौकीदार दोनदा 'आवाज नाई' सांगायला आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा भासऱ्यांनी त्याच्या आजोळचं गाव काढलं, आणि तोही वांगी चिरायला बसला. गाडी पाहायला रांग लागली. मोरी पाहून जाऊबाई म्हणाल्या, "बापा, याच्यात तं मी अडकूनच जाईन." भाऊ, पुतणे, सगळे ह्यांची टर उडवत होते. कोणी म्हणालं गाडी ढकलून आणली, कोणी म्हणालं टाकीत पाण्यापेक्षा बेडूक जास्त. आणि हे? लग्नातल्या नवरदेवासारखे खुशीत. मी मात्र राखेतून रोडगे उलथत होते आणि आतून त्याहून जास्त भाजत होते.

"काऊन वं, तोंड काऊन पाडलं?" जाऊबाईंनी विचारलं.

"धूर लागून राह्यला," मी म्हटलं.

खोटं आहे हे त्यांना कळलं. ह्यांनाही कळलं असावं, कारण ह्यांचं हसणं जरा थांबलं. मग तूप आलं, गूळ आला, वांग्याची भाजी अशी झाली होती की रागातही मी दोनदा वाढून घेतली.

उन्हं कलली तसा पिकअप भरला. "येजो बे आंजीले," भासरे ओरडले आणि धुरळा उडवत खटलं गेलं. मागे एवढी शांतता पडली की पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. आता बोलायला कोणी अडवत नव्हतं आणि मला काही बोलावंसंच वाटेना. ह्यांचा दिवसभराचा चेहरा मी पाहिला होता. ह्या माणसाला पुण्याला, जिन्यात शेजारी भेटला तर मान हलवून पुढे जातो अशा जागी नेऊन बसवायचं?

आम्ही गाडीच्या पायरीवर बसलो. हे म्हणाले, "पोराले सांग, पलंग कर म्हना."

"काऊन?" माझ्या तोंडून निघालं. इतके महिने मी 'हो' मागत होते, आणि मिळालं तर 'का' विचारत होते.

"तुले जायचं हाये म्हनून."

"तुम्हाले तिथं करमणार नाई."

"नाई करमन." त्यांनी पायाजवळची माती काडीने सारखी केली. "तुले तरी कुठी करमलं होतं आंजीले? एवढ्या मोठ्या खटल्यात आणून टाकलं. मोरीत जाऊन रडे तू. म्या दाराभाईर उभा राहो, मले मालूम होतं. म्या कधी ईचारलं नाई."

मला वाटलं होतं, ते कोणालाच माहीत नव्हतं. मोरीत मी पाण्याचा तांब्या वाजवत रडायचे, आवाज जाऊ नये म्हणून. हा माणूस दाराबाहेर उभा असायचा, हे मला आता, ह्या वयात, कळत होतं. राग यावा की जीव जडावा, ठरवता येईना. दोन्ही झालं.

"मंग?" त्यांनी विचारलं. "आता करमते काय त्याइच्यात?"

सकाळपासून ज्यांच्या नावाने मी धुमसत होते ते सगळे चेहरे डोळ्यांसमोर आले. जाऊबाईंनी जाताना न विचारता माझी सगळी भांडी घासून ठेवली होती.

"करमते," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

"मंग मलेही करमन," हे म्हणाले. "थोडा टाइम लागन."