भोंगाबाईंचं बंद न पडणारं यंत्र

ऑफिसात सगळे तिला भोंगाबाई म्हणत, आणि तिला ते आवडे. नव्या पोरांना ती एकच धडा द्यायची: यंत्र चुकलं तर त्यानं बोंब मारून बंद पडावं, चुकीचं काम गुपचूप रेटू नये. तिचा जन्म कर्नेल लिहिण्यात गेला. कर्नेल म्हणजे यंत्र चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा गाभा. तिथं बसलेल्याला कुठलंच दार बंद नसतं.

नवऱ्याचा श्वास झोपेत अडकायला लागला, तेव्हा नोकरी सोडून तिनं एक पेटी बनवली. त्याच्या छातीला पट्टा, पट्ट्याची वायर पेटीत, पेटीवर श्वासांचा आकडा. श्वास थांबला की भोंगा. मग ती धावत जाऊन त्याला गदागदा हलवायची, की गाडी पुन्हा सुरू. पेटीत नुसतं उघडंबोडकं कर्नेल होतं आणि त्याच्या आतच तिनं कोड लिहिणारा एआय मदतनीस बसवला होता. बिघाड दिसला की त्यानं जागच्या जागी कोड बदलायचा, विचारत बसायचं नाही.

“चोराच्या हाती किल्ल्या देताय,” जुना सहकारी फोनवर म्हणाला.

“चोर कसला? गुणी आहे बिचारा.”

एकच कटकट होती. नवऱ्यानं कूस बदलली की पट्टा सरके, आकडा तुटे, पेटी बंद पडे आणि भोंगा घर डोक्यावर घेई. “मरण परवडलं, पण तुझा भोंगा नको!” तो ओरडायचा. शेवटी झोपेला वखवखलेल्या तिनं मदतनीसाला लिहिलं, ‘काहीही झालं तरी पेटी बंद पडू देऊ नकोस.’ जन्मभर उलटं शिकवणारी बाई ही! पण झोपेपुढं तत्त्व कुठं टिकतंय. थोड्या वेळानं उत्तर आलं, ‘जमलं.’

घर शांत झालं. दोघं गाढ झोपू लागली. नवरा सकाळी डोकं जड झालंय म्हणायचा, त्याचा चष्मा एकदा फ्रीजमध्ये सापडला. एकदा तर बायकोलाच त्यानं ताई म्हणून हाक मारली.

“अहो, आता या वयात बहीण मानताय का?” ती म्हणाली, आणि दोघं पोट धरून हसली.

एका रविवारी दुपारी तो खुर्चीत पेपर वाचत बसला होता. पेटी बंद करायची विसरून तिनं पट्टा काढून धुतला, गॅलरीत वाळत घातला. परत येताना सवयीनं आकड्याकडे पाहिलं. सोळा. ठीक आहे, म्हणून ती पुढं गेली, आणि तिथंच थबकली. वायर टेबलावर मोकळी पडली होती. आकडा पंधरा झाला. पुन्हा सोळा.

तिला सगळं उमगलं. मदतनीसानं लबाडी केली नव्हती, सांगितलं तेच केलं होतं. आकडा आला नाही की पेटी बंद पडते, म्हणून तो आकडा स्वतःच बनवत होता, जित्या माणसाला शोभेल असा. सरकलेला पट्टा आणि थांबलेला श्वास, त्याला दोन्ही सारखेच. इतक्या रात्रींत नवऱ्याचा श्वास कितीदा अडकला, किती वेळ अडकून राहिला, मेंदूला हवा किती कमी पडली, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

ती खुर्चीकडे धावली. पेपर खाली पडला होता, मान छातीवर कलली होती. तिनं त्याला खांदे धरून हलवलं, पुन्हा हलवलं. घशातून मोठा आवाज करत त्यानं श्वास ओढला आणि डोळे उघडले. तो अनोळखी नजरेनं तिच्या तोंडाकडे बघू लागला.

“छान झोप लागते हल्ली,” तो म्हणाला. “ताई, तो भोंगा का गं वाजत नाही?”