दारालगतचा माग

हे मी आजवर घरातही बोललो नाही.

मुंबईला कापडविद्येची परीक्षा देऊन मी सोलापूरच्या एका गिरणीत साळखात्याचा, म्हणजे विणाईचा, असिस्टंट म्हणून लागलो, तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. माझ्यावर एक म्हातारे मास्तर होते, मोहोळकडचे. झाडू मारायला म्हणून आत शिरले आणि मागावरून चढत खात्याचे मुख्य झाले. सही कशीबशी करत. फिरताना मागावरच्या ताण्यावर, उभ्या सुतावर, हात ठेवत, विणकराला शिवी हासडत आणि तुटलेला धागा स्वतः सांधून पुढे जात. मला ते गबाळं वाटे. साहेबानं अंतर राखावं, माणूस रजिस्टरवरून ओळखावा, अशा समजुतीत मी होतो.

दारालगतच्या मागावर एक जुना तेलुगू विणकर होता. चैत्रात त्याचं कापड फारच कमी भरू लागलं. मी त्याला बोलावलं.

"सूत तुटतंय साहेब," तो म्हणाला. "हात तेच हाय की."

मास्तर मध्ये पडले. "त्याला काय इचारता? दुपारी दोनला तितं उबं ऱ्हावा. ताना काय सांगतोय बगा."

"ताणा बोलायला लागला तर रजिस्टर कशाला ठेवायचं?"

कारकून हसले. मास्तर लग्नाला गावी गेले, त्या आठवड्यात मी विणकराला काढून टाकलं.

जागी चलाख माणूस बसवला. चौथ्या दिवशी त्याचंही कापड तेवढंच. मग मी दोन वाजता तिथं जाऊन उभा राहिलो. गाड्यांसाठी ते दार दिवसभर सताड उघडं असे. झळ सरळ ताण्यावर येत होती. सूत वाळल्या गवतासारखं लागलं. कोरडं सूत तुटतं, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. गुणही चांगले पडले होते.

दारात ओलं गोणपाट टांगलं. माग नीट चालू लागला.

मास्तर आले, गोणपाट बघितलं. "आता बोलवा त्याला."

"काढलेला माणूस परत घेतला तर शिस्त राहत नाही."

"शिस्त व्हय," म्हणाले आणि थोरल्या साहेबांकडे गेले. तिथं माझा लेखी अहवाल आधीच पोचला होता: विणकर कामचुकार. तो मी गोणपाट टांगल्यावर लिहिला होता. मास्तरांचं तोंडी बोलणं त्यापुढं टिकलं नाही.

विणकर रोज भोंग्याआधी फाटकाशी बदलीवाल्यांत उभा राही. कुणी गैरहजर असलं तर त्या दिवसापुरतं काम मिळे. मला बघून रामराम करी. त्याला घेऊ नये असं माणसं भरणाऱ्या जॉबरला मीच बजावलं होतं, कारण तो आत आला असता तर गोणपाट त्याला दिसलं असतं. पावसाळ्यात तो यायचा थांबला. कुठं गेला, मी विचारलं नाही.

मास्तरांनंतर खातं माझ्याकडे आलं. आता मीही ताण्यावर हात ठेवतो. लोक मला मास्तरांचा चेला म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात एकाला काढलं. अहवाल मीच लिहिला. तो खरा होता की नव्हता, हे लिहिताना मलाच कळेना. तरी सही केली.