ओल्या बनात सगळ्यात मागे कोण होतं?

या सदरातले अनुभव मी सुनेच्या मोबाइलवर वाचते आणि बहुतेक वेळा अर्ध्यात ठेवून देते. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. आधी नव्हता, आजही नाही — हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला भोळीभाबडी समजणार नाही. छप्पन्नच्या धम्मदीक्षेनंतर माझ्या वडलांनी घरातले देव, ताईत, दाराची लिंबू-मिरची, सगळं एका दिवसात बाहेर काढलं. भूतबाधा हा शब्द आमच्या घरी शिवीसारखा होता. पुढे मी सेलूला शाळेत विज्ञान शिकवायला लागले. वर्गातली एखादी मुलगी अंगात आल्यासारखी घुमायला लागली, की मी तिला सावलीत बसवून साखरपाणी द्यायचे आणि सकाळी काय खाल्लंस ते विचारायचे. बहुतेकदा काहीच खाल्लेलं नसायचं.

तर अशी मी. आणि तरी हे लिहितेय… कारण ज्या चौघांना हे माहीत होतं त्यातले आता दोघंच उरलोत.

साल पंचाहत्तरच्या आसपासचं. मोठा दुष्काळ नुकताच मागे पडला होता. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझे मिस्टर, भास्कर, पाटबंधाऱ्यात क्लार्क होते. त्यांचे जिवलग मित्र दिगंबरभाऊजी आमच्याच शाळेत चित्रकला शिकवायचे. त्यांची बायको कुसुम, सोनपेठची, माझ्याच वयाची. ट्रेक हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाला माहीत नव्हता. डोंगरात उगीच चालायला जायचं म्हटलं की लोक विचारायचे, ‘काय हरवलंय का?’ पण भाऊजींना झाडांची चित्रं काढायची होती, आणि आम्हा दोघींना, खरं कारण सांगते, सासू नसलेल्या जागी दोन दिवस जायचं होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही एसटीनं चारठाण्याला गेलो. तिथं भाऊजींचे मामा राहायचे. संध्याकाळी जुनी देवळं पाहिली. रात्री मामांनी सगळ्यांची ताटं एकाच ओळीत मांडली. त्या काळात, आमच्यासारख्यांसाठी, ही लहान गोष्ट नव्हती. सकाळी कुठं जायचं ते मामांनीच सुचवलं. गावाच्या वरच्या अंगाला डोंगर सुरू होतात. फाल्गुन संपत आलेला, सागाची पानं गळून सगळा डोंगर खराट्यासारखा. पण दोन टेकड्यांमधल्या एका घळीत झिरपा आहे, तिथं बारा महिने हिरवंगार असतं. जांभूळ, करंज, उंबर, आंबा… इतकं दाट की खाली ऊन पोचत नाही. त्याला ओलं बन म्हणायचे.

आता अशा गोष्टींत कुणीतरी म्हातारं माणूस ‘तिकडं जाऊ नका’ म्हणतं ना? आम्हाला कुणी म्हटलं नाही. उलट मामा म्हणाले, “पाणी हाय, सावली हाय. भाकरी खायाला लय बरी जागा.” नंतरही मी त्यांना खोदून खोदून विचारलं. तिथं कुणी मेलं नव्हतं, काही घडलं नव्हतं. गुरं रोज जायची.

उन्हं तापायच्या आत आम्ही बनाच्या तोंडाशी पोचलो. आत एकच पाऊलवाट, तीही गुरांनी पाडलेली. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या, वर वेली. दोन माणसं शेजारी-शेजारी चालूच शकत नाहीत. म्हणून ओळ लावली — पुढं भाऊजी, मग कुसुम, मग मी, आणि सगळ्यात मागे हे, खांद्याला वॉटरबॅग लावून. आत शिरल्याबरोबर अंगाला गारवा लागला. पक्षी ओरडत होते. जांभळीला मोहर आलेला, त्याचा वास. काही म्हणता काही वेगळं नव्हतं. कुसुम गुणगुणत होती.

थोडं आत गेल्यावर माझा पदर काट्यात अडकला. मी वाकून तो सोडवला, बोटभर चिंधी फाटून जाळीलाच राहिली. मान वर केली तर पुढं तिघं चाललेले. भाऊजी, कुसुम, आणि त्यांच्या मागे हे.

मला आधी रागच आला. हे माझ्या मागे होते. पुढं जायचं तर मला ढकलूनच जावं लागलं असतं, आणि बायको अडकलीय हे दिसूनही थांबले नाहीत? मी हाक मारली, “अहो!” कुणी वळलं नाही. भरभर चालायला लागले, तर ते तिघंही तेवढेच लांब. धावले, तरी तेवढेच. यांच्या पाठीवरची घामाची ओल मला दिसत होती, वॉटरबॅग हेलकावत होती, इतके जवळ. दोनतीनदा ‘अहो’ म्हटलं. मग कुसुमला हाक मारली. मग भाऊजींना. आणि मग… आमच्या काळात बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या. उखाण्यात घ्यायच्या तेवढंच. मी पूर्ण आवाजात ओरडले, “भास्कर!” लाज वाटली ओरडल्यावर. पण ती पाठ थांबली नाही.

मला भूत वगैरे काही सुचलं नाही, हे नीट सांगायला हवं. मला एवढंच वाटत होतं की हे मला सोडून चाललेत. मुद्दाम. मी रडत चालत होते.

बनातून बाहेर कशी आले ते मला आठवत नाही. पुढची आठवण म्हणजे तोंडावर लख्ख ऊन, समोर फुललेला पळस, आणि आम्ही चौघं त्याच्याखाली दगडांवर बसलेले. चौघांची तोंडं चार दिशांना. मी भांडायला तोंड उघडणार तेवढ्यात हेच बोलले.

“किती हाका मारल्या मी तुला, सुनंदा. एकदा तरी वळून बघायचंस.”

मी म्हटलं, हाका मी मारत होते, तुम्ही पुढं होता. ते म्हणाले, मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, वर बघतो तर तुम्ही तिघं पुढं. कुसुम मध्येच भाऊजींवर तुटून पडली. ती झिरप्यावर ओंजळभर पाणी प्यायला वाकली होती, उठली तर आम्ही तिघं पुढं, आणि तिचा नवरा तिच्या हाकेला वळला नव्हता. भाऊजी हळूच म्हणाले, “पण सगळ्यात मागे तर मी होतो. पडलेलं एक पान उचललं मी. तेवढ्यात तुम्ही तिघं पुढं गेलात.”

चौघं माणसं. प्रत्येकाला पुढं तिघं दिसले. मग पुढं कोण होतं?

पळसाच्या पलीकडे दोन बाया पत्रावळीसाठी वडाची पानं तोडत होत्या. त्या आमच्याकडे बघून हसत होत्या. यांनी जाऊन त्यांना विचारलं, आम्ही बाहेर आलो तेव्हा पुढं कोण होतं? दोघीतली थोरली म्हणाली, “पुढं कोण न्हाई, मागं कोण न्हाई. आडवे यायलाव की तुमी. हाताला हात धरून, लेकरावानी. म्हणून तर हसू आलं आमाला.”

तिला पुन्हा विचारलं, दुसरीला वेगळं बाजूला नेऊन विचारलं. तेच. चौघं आडव्या ओळीत, हात धरून, त्या एका माणसाच्या वाटेवरून.

मग आम्ही जे शिकलेल्या माणसांनी करायला हवं ते केलं. कुसुम काही केल्या परत आत यायला तयार होईना, म्हणून मी तिच्याजवळ थांबले आणि पुरुष दोघं बनात शिरले. पार त्या टोकाला जाऊन परत आले. जाताना आतून हाका मारायच्या असं ठरलं होतं. बाहेर बसून आम्हाला प्रत्येक हाक स्पष्ट ऐकू आली, अगदी पलीकडच्या टोकावरून मारलेलीसुद्धा. एवढंसं होतं ते बन! येताना हे माझी चिंधी घेऊन आले. काट्याला तशीच होती. म्हणजे मी तिथं वाकले होते, हे तरी खरं.

ऊन लागलं म्हणावं तर आत ऊनच नव्हतं. काही खाल्लं-प्यालं म्हणावं तर भाकऱ्या अजून फडक्यातच होत्या. एकाला भास होईल. चौघांना एकच भास, आणि तोही आपापल्या जागेवरून? परतीच्या एसटीत भाऊजींनी दोनदा विषय काढला, कुणी साथ दिली नाही. माझ्या शेजारी बसलेली कुसुम मला एवढंच म्हणाली, “हे वळले नाहीत ते मी पाहिलंय, सुनंदा. झालंच नाही म्हणतात. मग मी पाहिलं ते काय होतं?”

त्यांचं पुढं बरं चाललं नाही. कारणं दुसरी असतील, असतातच. ती बरेच महिने सोनपेठला माहेरी राहिली, मग भाऊजींची बदली झाली, ती गेली त्यांच्याबरोबर. पण आमच्याकडे यायचं दोघांनीही सोडलं. आता दोघंही नाहीत.

आमचा संसार झाला. चांगला झाला. पण भांडण कुठूनही सुरू होवो — मीठ जास्त पडण्यावरून, मुलाच्या फीवरून — शेवटी त्या बनात जायचं. हे म्हणायचे, तू तेव्हाही वळली नाहीस. मी म्हणायचे, तुम्ही वळला नाहीत. दोघांनाही माहीत होतं की दोघंही खरं बोलतोय. त्यानं भांडण मिटत नसे, उलट अवघड होई. खोटं बोलणाऱ्याला माफ तरी करता येतं.

यांचं आता ऐंशीच्या पुढं वय आहे. परभणीत असतो आम्ही, मुलाकडे. परवा दुपारी गॅलरीत बसलो होतो. हे अचानक म्हणाले, “तू नावानं हाक मारली म्हणतेस. कशी मारलीस? मार बघू.”

सून आत होती. मला संकोच वाटला. इतक्या वर्षांत मी समोरासमोर कधी नाव घेतलेलं नाही. पण ते वाट बघत होते. मी मारली हाक, तशीच, पूर्ण आवाजात. सून बाहेर धावत आली, काय झालं म्हणून.

यांनी डोळे मिटून ऐकली. मग मान हलवली.

“नाही,” ते म्हणाले. “ही मी ऐकलेली नाही. ऐकली असती तर विसरलो नसतो.”

मग यांनी माझा हात धरला आणि आम्ही तसेच बसून राहिलो. मी विज्ञानाची शिक्षिका. विचारून, तपासून पाहिल्याशिवाय काही मानायचं नाही, हेच जन्मभर शिकवलं. विचारलं, तपासलं. मला काहीही कळलेलं नाही.