कोपर प्रलंबित

फरीदाबादच्या काकांनी आजवर एकाही माणसाला कुठलीही वस्तू शांतपणे उचलू दिलेली नाही. गॅसचा सिलेंडर आणणाऱ्या भैयाला ते दारातच अडवून "कमर सीधी, भाई, घुटनों से उठाओ" असं सांगतात, आणि तो बिचारा सिलेंडर खाली ठेवून पहिल्यापासून उचलून दाखवतो. मेट्रोत कोणी बॅग मशीनवर ठेवायला वाकलं की ह्यांच्या तोंडून "च्" असा आवाज येतो. एका लग्नात हार घालायच्या वेळी मित्रांनी नवऱ्याला उचललं, तर काका अक्षतांची मूठ तशीच धरून पुढे गेले आणि म्हणाले, "पकड फार रुंद झालीय, जवळ घ्या." नवरा हवेत, नवरी हार घेऊन उभी, भटजी घड्याळ बघतायत, आणि दोन मुलं खरोखर पकड बदलतायत. मी स्वतः पाहिलंय, कारण हार नीट बसेपर्यंत फोटो काढायचं काम माझ्याकडे होतं.

ते माझे सख्खे काका नाहीत, चुलतही नाहीत. बाबांच्या मिनिस्ट्रीत दोन मजले वर बसायचे, एवढंच नातं. रिटायर होऊन फरीदाबादला घर घेतलं म्हणून फरीदाबादचे काका. पण ते माझ्या आयुष्यात कसे शिरले हे सांगायचं तर आधी माझी इज्जत कशी गेली ते सांगावं लागेल, तर चलो, तेही सांगते.

मी मुनिरकात एका खोलीत राहते आणि मोहरीवरच्या बुरशीवर पीएचडी करते. दोन वर्षांपूर्वी पाठ दुखते म्हणून गल्लीतल्या बेसमेंट जिमला गेले आणि बारबेलच्या प्रेमात पडले, म्हणजे बिल्कुल वेड्यासारखी. त्यातही स्नॅच. जमिनीवरचा बार एका दमात थेट डोक्यावर, मध्ये कुठे थांबायचं नाही, आणि वर गेला की कोपरं कुलूप लावल्यासारखी सरळ. वर गेल्यावर कोपर जरा जरी वाकून परत सरळ झालं तर पंच लाल दिवा लावतात आणि तुमचं ते उचलणं धरत नाहीत. मी उत्साहाच्या भरात जिल्ह्याच्या स्पर्धेत नाव दिलं. तीन संधी मिळतात. तिन्ही वेळा बार वर गेला, तिन्ही वेळा कोपर वाकलं, तिन्ही वेळा लाल. निकालाच्या कागदावर माझ्या नावासमोर शून्यसुद्धा नव्हतं, नुसती रेघ होती. मला मेडल वगैरे काही नको होतं, यार. मला त्या रेघेच्या जागी एक आकडा हवा होता. कुठलाही.

मग कोच शोधायला लागले. एक म्हणाला, "मॅडम, बारह सेशन का पैकेज है, सुबह छह बजे, मिस हुआ तो गया." आता माझी बुरशी सकाळी सहालाच बघावी लागते, ती माझ्यापेक्षा शिस्तीची आहे. दुसऱ्याची फी माझ्या खोलीच्या भाड्याएवढी. तिसऱ्याने माझा स्नॅच पाहिलाच नाही, थेट प्रोटीनचा डबा दाखवला. शेवटी मी आरशाकडून शिकत होते, आणि आरशात तर माझं कोपर छानच दिसायचं.

अशात गणपतीत पहाडगंजला महाप्रसाद होता. मी वाढपात. वरणाचं भलंमोठं पातेलं उचलून मी ओट्यावर ठेवायला गेले आणि पंगतीतून एक आवाज आला, "उजवं कोपर." मी बघितलं. भरल्या पानावर, साधा वरणभात पुढ्यात, एक टक्कल पडलेले गृहस्थ माझ्याकडे फाइलमधली चूक सापडल्यासारखे बघत होते. "डावं ठीक आहे," ते म्हणाले, "उजवं आधी हार मानतं." तीनदा लाल दिवा लावणाऱ्या पंचांनीही मला इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. मी पातेलं ठेवलं आणि तिथेच त्यांच्यासमोर बसले. शेजारच्या बाई म्हणाल्या, "अहो, मुलीला वाढू तरी द्या." ह्या काकू.

फी काय, असं विचारल्यावर काका म्हणाले, "अर्ज कर." मला वाटलं गंमत करतायत. नाही. काकांनी छत्तीस वर्षं सरकारी फाइलींवर हिंदी आणि इंग्रजीत टिप्पण्या लिहिल्या, आणि रिटायर होताना ठरवलं की उरलेलं सगळं मराठीत लिहायचं. लिहायला मात्र फाइलच नव्हती. तेव्हा मी अर्ज केला, त्यांनी माझ्या नावाची एक फाइल उघडली, तिला ते नस्ती म्हणतात आणि मला उमेदवार. पैसे घ्यायचे नाहीत. काकूंसाठी येताना आमसुलं आणायची, कारण फरीदाबादला मिळतात ती काकूंच्या मते आमसुलं नाहीतच. वेळेची अट कसलीच नाही, फक्त येणार नसलात तर कारणासकट रजेचा अर्ज. मी एकदा घाबरत लिहिलं की बुरशी वाढलीय, येता येत नाही. पाच मिनिटांत उत्तर आलं, "बुरशीकारणास्तव रजा मंजूर."

दोन मेट्रो बदलून मी पहिल्या रविवारी पोचले, बॅगेत नवे शूज, पट्टा, खडूची भुकटी, सगळा थाट. गच्चीवर बार होता, मिनिस्ट्रीच्या क्लबने भंगारात काढलेला, डावीकडे किंचित वाकलेला. त्याला हात लावायची परवानगी मला मिळाली नाही. मला मिळाली एक काठी. वेळूची, वर हळदीकुंकवाचे जुने डाग. "ही गुढीची आहे," काकू म्हणाल्या, "सांभाळून हं." सहा आठवडे, लिटरली सहा आठवडे, मी गुढीची काठी डोक्यावर नेली आणि खाली आणली. माझ्या आधी एक बँकेतले साहेब शिकायला आले होते, ते दुसऱ्याच रविवारी काठी पाहून पळाले. त्याआधी कोण, विचारलं तर काका म्हणाले, "त्याआधी कोणी नाही." पाडव्याला मी गेले तर काठी बाल्कनीत रेशमी खण आणि तांब्या घालून उभी. काका म्हणाले, "आज ती ड्युटीवर आहे, तू श्रीखंड खा."

बार हातात आला तेव्हाही तो आपटायची सोय नव्हती. खालच्या मजल्यावरचे शर्माजी दुपारी झोपतात, म्हणून दोन गोधड्यांवर बार असा उतरवायचा की शर्माजी कूस बदलता कामा नये. जगात सगळीकडे लोक वजन उचलायला शिकतात, मी आधी ठेवायला शिकले. आणि वजन वाढवायचा अधिकार काकांना नव्हताच. ते फक्त प्रस्ताव मांडायचे, मंजुरी काकूंची. काकू गच्चीच्या कोपऱ्यात कुरडया वाळत घालत बसायच्या, अर्धा वेळ माझ्याकडे पाठ. काका म्हणायचे, "अडीच किलो वाढवावे, असे मत आहे. सक्षम अधिकाऱ्यांनी पाहावे." काकू मागे न बघता म्हणायच्या, "इतक्यात नाही. श्वास आधीच सोडतेय ती." आणि अच्छा, खरंच सोडत असायचे.

हप्त्याच्या मधले दिवस मी मुनिरकाच्या जिममधून व्हिडिओ पाठवायचे. काका व्हिडिओ बघायचे, पण उत्तर टिप्पणीतच. "पाहिले. टाचा समाधानकारक. कोपर प्रलंबित." दुसऱ्या दिवशी, "पाहिले. मागील टिप्पणी कायम. फेरसादर करावे." एकदा मी जरा वैतागून लिहिलं की काका, निदान छान तरी म्हणा. त्यावर उत्तर, "छान. कोपर प्रलंबित." महिनोन्‌महिने माझं कोपर प्रलंबित होतं. लॅबमधली मैत्रीण मला फोनवर विचारायची, "कोपर निकाली निघालं का गं?" आणि तिला बारबेल म्हणजे काय ते माहीतही नव्हतं.

एक दिवस थालीपीठ खाताना मी विचारलं, "काका, तुमचा स्वतःचा सगळ्यात भारी स्नॅच किती होता?" काका लोण्याचा गोळा कडेला सरकवण्यात फारच गुंतले. मग काकूच म्हणाल्या, "ह्यांनी कुठे उचललंय. तरुणपणीच डॉक्टरांनी खांदा बघून नको म्हणून सांगितलं. हे मिनिस्ट्रीच्या टीमबरोबर जायचे ते बारवर वजनं चढवायला." वीस वर्षं, प्रत्येक स्पर्धेत, काका मागे उभे राहून चकत्या लावायचे, कड्या घट्ट करायचे, बाजूला व्हायचे आणि बघायचे. घरी येऊन सगळं काकूंना करून दाखवायचे, लाटणं डोक्यावर धरून. म्हणजे काकूंनी वीस वर्षं ते लाटणं बघितलं होतं. मला एकदम कळलं की त्या पाठमोऱ्या बसूनही कशा ओळखतात. आणि हेही कळलं की काकांनी ज्याला शिकवलंय असं कोणीही आजवर स्पर्धेच्या प्लॅटफॉर्मवर गेलेलं नाही. त्या रेघेच्या जागी आकडा आता मला माझ्या एकटीसाठी नको होता.

स्पर्धेला दोघं आले. काकूंच्या पिशवीत डबा, काकांच्या हातात नस्ती. चाळीस किलोने सुरुवात. मी आत जाताना काका म्हणाले, "मी बघणार नाही," आणि खरोखर भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. अहो, शिकवायला वर्ष घालवलं आणि बघणार नाही? "मला ऐकू येतं," ते म्हणाले. "वीस वर्षं वजनं चढवली, बार खाली आला की आवाजावरून कळतं. सवय आहे."

पहिली संधी, बार वर गेला, उजवं कोपर हललं. लाल. दुसऱ्या वेळी मी कोपराचाच इतका विचार केला की बार पुढे पडला. मोठा आवाज, शर्माजी असते तर पलंगावरून पडले असते. लाल. परत रेघ दिसायला लागली मला, त्याच कागदावर, त्याच जागी. मधल्या वेळात मी बाकावर बसले तर काकांनी माझ्या हातावरची खडूची भुकटी त्यांच्या रुमालाने पुसली आणि परत नवी लावायला सांगितली. तिसऱ्यांदा मी बारसमोर उभी राहिले. हॉल शांत. आणि वरच्या खुर्च्यांमधून, डब्याचं झाकण लावता लावता, स्वयंपाकघरातून हाक मारावी तशा आवाजात काकू म्हणाल्या, "अगं, श्वास धर. मग काठी आहे असं समज."

मी श्वास धरला. मला ती हळदीकुंकवाच्या डागांची काठी दिसली. बार वर गेला आणि तिथेच राहिला. मी उभी राहिले, पंचांनी खूण केली, आणि मी, बावळट, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये, जिथे सगळे बार धाडकन सोडतात, तिथे तो इतका हळूच खाली ठेवला की आवाजच आला नाही. सवय. तीन पंचांचे तीन दिवे लागले, दोन पांढरे, एक लाल. दोन पुरतात.

पण आवाज आला नाही म्हणून काका भिंतीकडे तोंड करून उभेच. त्यांना वाटलं मी उचललंच नाही. मी मागून जाऊन म्हटलं, "काका, झालं." ते वळले नाहीत लगेच. म्हणाले, "ठेवलंस?" मी म्हटलं, "ठेवलं." मग म्हणाले, "गोधडी नसताना?" आणि चष्मा पुसायला लागले, बराच वेळ, त्याच खडूच्या रुमालाने, त्यामुळे चष्मा आणखीच पांढरा झाला.

परतीच्या मेट्रोत ते माझ्याच शेजारी बसून फोनवर टाइप करत होते. माझा फोन वाजला. "पाहिले नाही. ऐकूही आले नाही. कोपर निकाली. नस्ती बंद करावी." खाली पहिल्यांदाच सक्षम अधिकाऱ्यांची स्वतंत्र नोंद होती, काकूंनी त्यांच्याकडून लिहून घेतलेली, "बाळ, डबा पूर्ण खा."

त्या महिन्यात ती दोघं नाशिकला मुलीकडे गेली, कायमची. ते आधीपासून ठरलेलं होतं, मला सांगितलं नव्हतं एवढंच. वाकडा बार माझ्या खोलीत पलंगाखाली आहे. काठी त्यांनी नेली, पाडव्याला लागते. मी उचलते अजून, बेचाळीसपर्यंत गेलेय, आणि मेट्रोत कोणी बॅग उचलायला वाकलं की माझ्याही तोंडून "च्" होतं. पण व्हिडिओ पाठवायला काही कारणच उरलं नाही. बंद झालेल्या फाइलवर काय लिहिणार?

परवा मात्र मी जिममध्ये एक स्नॅच मारला, वर गेल्यावर उजवं कोपर चांगलं वाकवलं, परत सरळ केलं, आणि पाठवून दिला. फोन हातात घेऊन बसले. माझी बुरशी तासभर कोणीही बघितली नाही.

उत्तर आलं. "पाहिले. कोपर हेतुपुरस्सर वाकवल्याचे सकृद्दर्शनी दिसते. तथापि नस्ती पुन्हा उघडण्यास हरकत नाही. सक्षम अधिकारी विचारतात, आमसुलं मिळतात का तिकडे अजून."